रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी...

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय घरात सगळ्यांनी मिळून ऐकायचा नाही, असं काही जणांना वाटेल आणि हात रेडिओच्या बटणाकडे जाईल. पंधरा मिनिटं तो आवरावा, एवढी विनंती.

मी आधी साताऱ्यात आणि नंतर सांगलीत एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक म्हणून काम केलं. या केंद्रांना सुरुवातीला व्हीसीटीसी म्हणत, पुढे आयसीटीसी म्हणू लागले. लोक मात्र 'एड्सची खोली' म्हणायचे. आमच्या दारासमोरचं बाकडं कायम रिकामं असायचं. माणसं लांब, एक्स-रेच्या रांगेत उभी राहायची आणि व्हरांड्यात कुणी नाही असं बघून झटकन आत शिरायची. तपासणीआधी त्यांच्याशी बोलायचं, लेखी संमती घ्यायची, रक्त द्यायला पाठवायचं आणि रिपोर्ट आला की दार लावून, समोर बसवून तो सांगायचा, हे आमचं काम. 'पॉझिटिव्ह' कसं सांगायचं, याचं आम्हांला रीतसर प्रशिक्षण दिलेलं होतं. किती वेळ गप्प बसायचं, पाण्याचा ग्लास कधी पुढे करायचा, इथपर्यंत. 'निगेटिव्ह' सांगायला काय लागतं? अभिनंदन, यापुढे काळजी घ्या, या आता. पाच मिनिटांत माणूस बाहेर. मला आज बोलायचं आहे ते या पाच मिनिटांत बाहेर पडलेल्या आणि पुन्हा पुन्हा परत आलेल्या माणसांबद्दल.

त्यांतला एक मला विसरता येत नाही. त्याची ओळख पटू नये म्हणून काही खुणा मी बदलल्या आहेत. २००८ च्या पावसाळ्यात तो आला. वय तिशीच्या आसपास, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. खानापूर, आटपाडीकडची कितीतरी माणसं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. हाही त्यांतलाच. दुकान परमुलखात, बायको आणि लहान मुलगी गावाकडे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री दोस्तांबरोबर तो एका बाईकडे गेला होता. आयुष्यात एकदाच. कंडोम वापरला होता. फाटला नव्हता. "पण मॅडम, मी नीट बघितलं नव्हतं," असं म्हणून त्यानं पिशवी टेबलावर उपडी केली.

अकरा रिपोर्ट होते. सातारा, कराड, मिरज, सांगली, शिवाय परमुलखातल्या दोन प्रयोगशाळांचे. पहिला त्या रात्रीनंतर नवव्या दिवशीचा, शेवटचा आठ दिवसांपूर्वीचा. सगळे निगेटिव्ह. काही रिपोर्ट खोट्या नावांवर होते, कारण खरं नाव द्यायची लाज वाटत होती. आणि आता त्या खोट्या नावांनीच त्याला नवा घोर लावला होता. हा रिपोर्ट आपलाच कशावरून? नळी बदलली असेल तर? लिहिणाऱ्याचा हात चुकला असेल तर?

मी त्याला समजावलं. तुम्हांलाही सांगते, कारण ही माहिती उपयोगाची आहे. एचआयव्ही शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या ही प्रतिपिंडं शोधतात. ती दिसण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळाला आम्ही गवाक्ष काळ किंवा विंडो पीरियड म्हणतो. त्या काळातला निगेटिव्ह रिपोर्ट पुरा मानायचा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट मात्र पक्का. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक घटकही शोधणाऱ्या, चौथ्या पिढीच्या म्हणतात त्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना साधारण पंचेचाळीस दिवस पुरतात. सरकारी केंद्रांत पहिली चाचणी मुद्दाम अशी निवडलेली असते की लागण असलेला माणूस तिच्यातून सुटू नये. ती निगेटिव्ह आली की प्रश्न मिटला. ती पॉझिटिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या चाचण्या करतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणजे चूक होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेलं आहे.

त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. एके काळी सहा महिन्यांनी तपासा असं सांगत, हे त्याला माहीत होतं. कुठंतरी एक वर्ष असं वाचलेलं होतं, तेही लक्षात होतं. मग त्यानं विचारलं, "मॅडम, शंभर टक्के का?"

आणि मी काय केलं? मला त्याची दया आली. म्हटलं, चला, आपल्या केंद्रात, खऱ्या नावावर, माझ्या डोळ्यांसमोर एकदा करून टाकू. बारावी तपासणी. ती निगेटिव्ह आली. त्याच्या चेहऱ्यावर इतकं हसू फुललं की मला वाटलं, जिंकलो. आठवड्यानं त्याचा फोन आला, "रक्त काढणाऱ्या बाईंनी सुई नवीनच वापरली होती ना?"

त्याच्या पिशवीत व्हीडीआरएलचे तीन कागदही होते. ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची तपासणी. तेही कोरे करकरीत. परमा असता तर पुरुषाला बहुधा आठवडाभरात जळजळ, पू यांनी कळला असता. गरमीचा चट्टा साधारण तीन आठवड्यांच्या आसपास उठतो, क्वचित तीन महिन्यांनीही. हे दोन्ही आजार औषधानं बरे होतात. सरकारी दवाखान्यांत त्यासाठी सुरक्षा क्लिनिक आहेत आणि तिथं तपासणी, औषध मोफत मिळतं. पण त्याला या आजारांचं भय नव्हतं. जो बरा होत नाही, तोच आपल्याला झालेला असणार, असं त्याच्या मनानं ठरवून टाकलं होतं.

आता असं का होतं, ते बघू. एड्सच्या जुन्या पत्रकांवर लक्षणांची यादी असायची. वजन घटणं, वारंवार जुलाब, रात्री घाम, थकवा, बारीक ताप. ज्या माणसाला महिनोन् महिने झोप नाही, अन्न गोड लागत नाही, पोटात सतत गोळा आहे, त्याचं वजन घटतंच. जुलाबही होतात, रात्री घामानं उशी भिजते, दिवसा पाय ओढावे लागतात. काळजीची लक्षणं आणि पत्रकावरची लक्षणं जवळजवळ तीच. माणूस घाबरतो म्हणून आजारी दिसतो आणि आजारी दिसतो म्हणून आणखी घाबरतो. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही.

त्यात तो हातानंही भर घालत होता. मानेतल्या गाठी दिवसातून वीस-वीस वेळा दाबून बघायचा. इतकं दाबल्यावर त्या जागा दुखणारच. दुखल्या म्हणजे गाठी आल्या. आरशासमोर जीभ काढून उभा राहायचा. जिभेवर पांढरा थर सकाळी कुणाच्याही असतो. जंतुनाशक औषध पाण्यात टाकून लिंग इतकं धुवायचा की तिथली कातडी सोलवटली होती, आणि ती लाली बघून तो त्वचारोगतज्ज्ञाकडे धावला होता. त्या डॉक्टरांनी सांगितलं ते एका वाक्यात, धुणं थांबवा. धुणं थांबवायला सांगणारा डॉक्टर त्याला कमी शिकलेला वाटला.

या भीतीला आपल्या भागात जमीनही तशीच होती. सातारा, सांगली हे दोन्ही जिल्हे त्या वर्षांत जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत मोडत होते. पुणे-बंगळूरचा हायवे, ट्रकची वर्दळ, मुंबईला माथाडी कामाला गेलेली माणसं, गलाईवाले, ऊसतोडीच्या टोळ्या. घर सोडून राहणारा पुरुष इथं गावोगावी आहे. अमक्याचा मुलगा मुंबईहून आला, खंगत गेला आणि घरच्यांनी टीबी सांगितला, ही गोष्ट माहीत नाही असं गाव सापडणार नाही. भारतातला पहिला संसर्ग १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी शोधला. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढची कित्येक वर्षं औषध आवाक्यात नव्हतं, म्हणून लोकांना भीती घालणं हाच उपाय झाला. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी औषधं द्यायला सुरुवात केली, २०१७ पासून तर निदान होताच उपचार सुरू करण्याचं धोरण आलं. आज औषधं नियमित घेणारा पॉझिटिव्ह माणूस नोकरी करतो, संसार करतो, नातवंडं बघतो. पण त्या पत्रकांनी घातलेली भीती लोकांच्या डोक्यातून गेली नाही.

आणि दुसरा धंदा आहे तो भिंतींचा. कुठल्याही एस. टी. स्टँडच्या मुतारीत जा, 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज' वाचायला मिळतं. गुप्तरोग बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय कायद्यानं गुन्हा आहे, त्या यादीत गरमी, परमा नावानिशी आहेत. कायदा आहे, भिंतही आहे. माझ्या त्या माणसानं अशाच एका तंबूत जाऊन पुड्या आणल्या होत्या. तंबूवाल्यानं नाडी बघून सांगितलं, रोग रक्तात उतरलाय, तपासणीत दिसणार नाही. बारा तपासण्यांवर या एका वाक्यानं मात केली. कारण ते त्याच्या मनातलंच वाक्य होतं.

अशा विषयांवर उघड बोलण्याची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ साली जाईपर्यंत ते चालवलं. वाचक त्यांना आपल्या गुप्त शंका लिहायचे आणि ते छापून, आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचे. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तो या उत्तरांवरूनच. त्यांची बाजू मांडायला वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले. शंका विचारणाऱ्याला उत्तर देणं हा गुन्हा ठरला, तर शंका तंबूकडेच जाणार.

असो. मी त्या माणसाकडे परत येते. तो तेराव्यांदा आला तेव्हा मी थोडी वैतागलेली होते, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, पुन्हा तेच. पण त्या दिवशी तो तपासणीबद्दल बोललाच नाही. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, माणसाला एड्स असला आणि तो गेला, तर घरच्यांना विम्याचे पैसे मिळतात का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. इतके दिवस तो माझ्यापुढं रक्त घेऊन येत होता आणि मी रक्ताकडेच बघत होते. मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो अशी एक समजूत आहे, ती चुकीची आहे. विचारल्यानं उलट त्याला बोलता येतं. तो रडला. रोज येतो, म्हणाला. मी केंद्राला कुलूप लावलं आणि त्याच्या बरोबर चालत मनोविकार विभागात गेले. चिठ्ठी देऊन पाठवलं असतं, तर तो वाटेतून एस. टी. स्टँडवर गेला असता.

तिथल्या डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून एक जुना मराठी शब्द वापरला, मंत्रचळ. एखादा विचार नको असताना घुसतो, भीती घालतो, आणि ती भीती घालवायला माणूस काहीतरी करतो. हात धुतो, कडी पुन्हा बघतो, रक्त पुन्हा तपासतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खरूज खाजवल्यासारखं, असं डॉक्टर म्हणाले. खाजवताना सुख आणि नंतर जखम मोठी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही बाराव्यांदा खाजवून दिलंत."

मला राग आला, पण त्यांचं खरं होतं. धीर देणं हे माझं काम आहे असं मी समजत होते, आणि माझ्या धीराचीच त्याला सवय लागत होती. दर वेळी 'काही नाही हो तुम्हांला' असं ऐकलं की त्याचं मन शिकायचं, म्हणजे काहीतरी होतं, म्हणूनच विचारावं लागलं.

उपचार काय केले ते सांगते, कारण मनोविकार म्हटलं की लोकांना शॉक आणि गुंगी आठवते. एक गोळी सुरू केली, मेंदूतल्या सिरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करणारी. ती गुंगीची नव्हती, तिची नशेसारखी सवयही लागत नाही. तिचा गुण यायला चार ते सहा आठवडे, मंत्रचळात कधी दहा-बारा आठवडेही लागतात, आणि तेवढ्यात निम्मे लोक ती सोडतात. दुसरं, काही नियम. यापुढे एकही तपासणी नाही. पिशवी माझ्या कपाटात राहील. आंघोळीला एकदाच साबण. मानेला हात नाही. भीती आली की पळायचं नाही, घड्याळ लावून बसायचं आणि ती चढते कशी, उतरते कशी ते बघायचं. पहिल्यांदा उतरायला दीड तास लागला, महिन्याभरानं वीस मिनिटं. आणि सगळ्यांत अवघड नियम, मुलीच्या ताटात जेवायचं. एकत्र जेवल्यानं एचआयव्ही पसरत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. तरी दोन वर्षं त्यानं आपलं ताट, तांब्या वेगळा ठेवला होता, आणि मुलगी गळ्यात पडायला आली की तो गोठ्याकडे निघून जायचा.

माझ्यासाठीही नियम होता. त्याचा फोन आला आणि त्यानं 'शंभर टक्के ना?' असं विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. नुसतं म्हणायचं, हा तुमचा मंत्रचळ विचारतोय, त्याच्याशी मी बोलत नाही. समोरचा माणूस काकुळतीला आलेला असताना हे म्हणणं मला जमायचं नाही. दोनदा मी नियम मोडला. एकदा त्यानं पिशवी परत मागितली, मी नाही म्हटलं, तर तो मला बरंच काही बोलून गेला.

याच सुमारास त्याची बायको आली. एकटीच. शर्टाच्या खिशात तिला आमच्या केंद्राचं कार्ड सापडलं होतं. "मॅडम, ह्यांना काय झालंय तेवढं सांगा. मी तयारी करून आलेय." दोन वर्षं नवरा जवळ येत नाही, ताट वेगळं, वजन उतरलेलं. तिनं मनाशी निदान पक्कं केलं होतं, भावालाही सांगून ठेवलं होतं. माझ्या ओठांवर उत्तर होतं, आणि ते चांगलं उत्तर होतं. पण रिपोर्ट ज्याचा, त्याच्याशिवाय तो कुणाला सांगायचा नाही, हा आमचा पहिला नियम. आता तर तो कायदा आहे. एचआयव्ही-एड्सबाबतचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात संमतीशिवाय तपासणी आणि संमतीशिवाय माहिती फोडणं, दोन्हीला मनाई आहे. पॉझिटिव्ह माणसाला वाचवण्यासाठी केलेला नियम त्या दिवशी एका निगेटिव्ह माणसाच्या बायकोच्या आड आला. मी तिला एवढंच म्हटलं, हे त्यांनाच विचारा, आणि हवं तर माझ्यासमोर विचारा. तिनं स्वतःचं रक्त तपासून घेतलं. निगेटिव्ह. तो कागद हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर त्यानं तिला सगळं सांगितलं. सिनेमात अशा वेळी बायको डोळे पुसून माफ करते. ती आधी म्हणाली, म्हणजे आजार नाहीच? आणि मग, म्हणजे तुम्ही गेला होता. दोन दिवसांनी मुलीला घेऊन ती माहेरी गेली. सात महिन्यांनी आली. मधल्या काळात काय झालं, ते त्यांचं त्यांना माहीत. एक मात्र त्यानं मला सांगितलं, की बायको गेल्यावर त्याला भयंकर वाईट वाटलं, पण मानेकडे हात गेला नाही. इतके दिवस तो शिक्षेची वाट बघत होता. ती रक्तातून येईल असं त्याला वाटत होतं, ती दुसऱ्या दारानं आली.

अपराधाची बोच आणि आजाराची भीती यांची गाठ अशी पक्की असते. केलं त्याचं फळ मिळालंच पाहिजे, हा आपला संस्कार. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट काहींना खोटा वाटतो. सांगलीत असताना मी याची दुसरी बाजूही बघितली. १९९२ पासून इथं मीना सरस्वती शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेनं गोकुळनगरसारख्या वस्त्यांतल्या, शरीरविक्रयाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं. १९९६ साली त्या बायकांचीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कंडोम, तपासणी, औषध, सगळं त्या एकमेकींना सांगू लागल्या. या व्यवसायातल्या ज्या बायका आमच्याकडे तपासणीला यायच्या, त्या रिपोर्ट ऐकायच्या, पुढची तारीख विचारायच्या आणि भाजी घ्यायला जायच्या. त्यांच्या लेखी तपासणी ही तपासणी होती. आमच्या इस्त्रीच्या शर्टवाल्यांना ती कोर्टाची तारीख वाटायची.

सगळी काळजी मंत्रचळ नसते, हेही सांगायला हवं. कोरेगावकडची एक बाई दर सहा महिन्यांनी यायची. तिचा नवरा पॉझिटिव्ह, ती निगेटिव्ह. तिची काळजी खरी होती आणि तिचं येणं बरोबर होतं. विंडो पीरियडमध्ये तपासलेल्या माणसानं पुन्हा येणंही बरोबर. जोखमीचा संबंध आला असेल, तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठावा, प्रतिबंधक गोळ्यांचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स असतो, तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला. पण वेळेवर केलेली, योग्य जागी केलेली तपासणी निगेटिव्ह आली, आणि तरी पुन्हा करावीशी वाटते, झोप नाही, घरच्यांना हात लावायची भीती वाटते, तर प्रयोगशाळेचा पत्ता चुकलाय असं समजा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जा. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय असो की सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, केसपेपर काढायला आजाराचं नाव सांगावं लागत नाही. तेवढंही नको वाटत असेल, तर एचआयव्हीविषयी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी, २०२२ पासून, टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट, नाव विचारत नाहीत. जीव नकोसा होत असेल तर १४४१६ आजच लावा.

आणि घरात असा कुणी असेल तर त्याला 'काही नाही तुला, उगाच डोकं चालवतोस' असं म्हणू नका. मी बारा रिपोर्टांनी जे केलं, तेच तुम्ही त्या वाक्यानं कराल.

त्या माणसाचा मधूनमधून फोन येतो. दुकान आता त्यानं इकडेच घातलंय. मध्ये एकदा त्यानं विचारलं, गावात रक्तदानाचं शिबिर आहे, मी रक्त दिलं तर चालेल का? दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तपासून मिळावं म्हणून रक्त देणं किती धोक्याचं असतं, हे मी शिबिरांतून अनेकदा सांगितलंय. विंडो पीरियडमधला दाता दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. याचा तो प्रश्न नव्हता, याची तपासणी होऊन वर्षं लोटली होती. तरी मी विचारलं, "रक्त द्यायचंय, का तपासून घ्यायचंय?"

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग हसला. म्हणाला, "मॅडम, अर्धं-अर्धं."

मी म्हटलं, "मग या वर्षी शिबिरात चहा-बिस्किटं वाटायला उभे राहा."